वाफ्याच्या खाली

“…ते असू दे अप्पाजी, शेवग्याला माती किती खोल लागेल, तेवढं सांगा.”

विरूपाक्ष हलकुड्यांनी निरंजन अप्पांना विचारलं. अप्पा मेथी खुडत राहिले.

सोलापुरातल्या एका बोळात त्यांचा मठ होता. मठ कसला, दोन खोल्या आणि मागं चिंचोळं अंगण. अंगणात तेलाचे कापलेले डबे, फुटके माठ, जुन्या टोपल्या. त्यात पालापाचोळा कुजवून अप्पा भाजी पिकवत आणि येईल त्याला मूठमूठ देत. कुणी शिकायचं म्हटलं, तर त्याला एक डबा देत.

विरूपाक्ष हलकुड्यांनाही त्यांनी एकच डबा दिला होता.

टॉवेलचा कारखाना मुलांवर सोपवून हलकुडे मोकळे झाले होते. हाताला सवय मोठ्या कामाची. डब्यातली मेथी तरारून वर आली आणि त्यांना राहवेना. राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विटांचे वाफे बांधले. कप्पीला दोर लावून काळी माती वर ओढून घेतली. वांगी, टोमॅटो, दोडका, घेवडा… गच्ची हिरवीगार झाली. इमारतीचे चेअरमन तेच, मग विचारायचं कुणाला? लांबून लांबून लोक बघायला येत. “मी निरंजन अप्पांचा शिष्य,” असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

आज मात्र त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

“हातभर खोल पुरेल का, अप्पाजी? का जास्त…”

“माती टाकणार कुठं?”

“वाफ्यात.”

“वाफ्याच्या खाली काय आहे?”

“प्लॅस्टिक अंथरलंय. चांगलं जाड.”

“त्याच्या खाली?”

“स्लॅब.”

“त्याच्या खाली?”



अप्पांनी मेथी बाजूला ठेवली आणि मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

“खाली कोण राहतं, विरूपाक्ष?”

“कोनापुरे मास्तर… आणि त्यांची बायको.”

एवढंच ते बोलले. 

मागच्या आठवड्यात वांगी द्यायला म्हणून ते मास्तरांकडं गेले होते. मास्तरांना लकवा मारलेला. बोलता येत नाही, उठता येत नाही. खाटेवर उताणे पडलेले असतात. त्या दिवशी हलकुड्यांनी सहज वर पाहिलं. मास्तरांच्या बरोबर डोक्यावर गिलावा पुरीसारखा फुगला होता.

“शेठ, हे धोक्याचं नाही ना?” मास्तरांच्या बायकोनं, सिद्धव्वाबाईंनी, विचारलं होतं.

“नुसती ओल आहे वहिनी. ऊन लागलं की वाळेल.”

असं ते पटकन बोलून गेले होते. तेव्हापासून त्यांना घास जात नव्हता. झाडांना पाणी घालताना मध्येच नळी बंद करून ते कान देऊन ऐकत. काही ऐकू येत नसे. मग पुन्हा पाणी सोडत, कारण सोलापूरचं ऊन, एक दिवस पाणी चुकलं तर वांगी माना टाकत. जाणकार माणूस बोलावून स्लॅब दाखवावा, असं रोज मनात येई. मग तो म्हणेल, सगळं काढा. मग लोक म्हणतील… त्यापुढं विचार करायला त्यांचं मन धजत नसे. शेवगा लावावा, नवीन काहीतरी हाती घ्यावं, म्हणजे ही धास्ती मागं पडेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

“खाली ओल आलीय?” अप्पांनी विचारलं.

“थोडी.”

“थोडी म्हणजे?”

“नुसती ओल आहे, अप्पाजी.”

अप्पा उठले. दोरीवरची घोंगडी त्यांनी खांद्यावर टाकली.

“चल. तुझी बाग दाखव.”

एरवी हे शब्द ऐकून हलकुडे हरखले असते. अप्पाजी स्वतः बाग बघायला येणार! रिक्षात ते उगाचच बोलत राहिले. वांगी केवढी धरलीत, दोडक्याचा वेल कठड्यावरून कसा खाली सुटलाय. जिना चढतानाही बोलत होते. अप्पा हळूहळू चढत होते, कठड्याला धरून, दम खात.

गच्चीच्या खालच्या मजल्यावर ते थांबले.

“अप्पाजी, गच्ची अजून वर आहे.”

“माहीत आहे.”

त्यांनी कोनापुऱ्यांचं दार वाजवलं.

सिद्धव्वाबाईंनी दार उघडलं आणि अप्पांना पाहून गडबडीनं पदर सावरत पाया पडल्या. आतल्या खोलीत मास्तर होते. उताणे. डोळे उघडे.

हलकुड्यांनी वर पाहायचं टाळलं. तरी दिसलंच. फुगवटा वाढला होता. त्याच्या मधून एक भेग गेली होती, काळी, ओलसर. भेगेच्या टोकाला थेंब जमत होता, सुटत होता, उशाशी ठेवलेल्या पातेल्यात टपकत होता. चादरीवर वाळूचे कण पडले होते.

“सकाळपासून बारीक बारीक पडतंय,” सिद्धव्वाबाई कण झाडत म्हणाल्या. “शेठ म्हणाले वाळेल, म्हणून काळजी केली नाही. पण ह्यांना कसं सांगायचं? तोंड भिंतीकडं करून ठेवलं तरी परत फिरवतात. दिवसभर वरच बघत असतात.”

मास्तरांची नजर छतावरून निघाली आणि हलकुड्यांवर येऊन थांबली. तिथंच राहिली.

“मास्तर,” अप्पा वाकून म्हणाले, “पुढच्या खोलीत नेऊ का तुम्हाला?”

मास्तरांनी डोळे मिटले, उघडले.

अप्पा आणि हलकुड्यांनी चादरीची टोकं धरून मास्तरांना उचललं. मास्तर अगदी हलके होते. तरी हलकुड्यांच्या तळव्यांना इतका घाम सुटला होता की चादर निसटते की काय, असं त्यांना वाटलं. पुढच्या खोलीत गादी घालून मास्तरांना नीट निजवलं, आणि हलकुड्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

वळून पाहतात तो अप्पा शेजारी नाहीत.

अप्पा आतल्या खोलीत परत गेले होते. खाट भिंतीकडं सरकवून त्यांनी फुगवट्याच्या बरोबर खाली घोंगडी अंथरली, आणि तिच्यावर उताणे झोपले. हात छातीवर.

“अप्पाजी! उठा!”

“का?”

“वरून काय होईल… सांगता येत नाही.”

“नुसती ओल आहे ना?”

 

एक कण सुटला आणि अप्पांच्या दाढीत पडला. त्यांनी तो पुसला नाही.

“पाया पडतो अप्पाजी. उठा हो.”

“मास्तर रोज इथंच असतात. आज मी आहे.”

“आणि पडलं तर?”

अप्पांनी डोळे मिटले.

“तू वर जा. झाडं वाट बघत असतील.”

हलकुडे जिन्यानं धावत सुटले. शेवटच्या पायरीवर मात्र ते थांबले.

समोर बाग होती. सकाळीच पाणी घातलेलं, माती काळी कुळकुळीत, जड. सगळ्यात मोठा वाफा वांग्यांचा. त्याच्या बरोबर खाली ती खोली. गच्चीवर पाऊल टाकायला त्यांनी पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. इतके दिवस ते या गच्चीवर धपाधप चालले होते, पाहुण्यांना घेऊन फिरले होते, मातीची पोती आदळली होती. आता पायाखाली अप्पांची छाती आहे, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी चप्पल काढली. कठड्याला पाठ घासत, कडेकडेनं ते वाफ्याशी पोचले. फावडं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. फावड्याचा घाव खाली जाईल. मग गुडघ्यावर बसून हातांनीच माती उपसू लागले. वांग्याचं झाड बुंध्याशी धरून हळूच उपटायचं, ढेकळं सुटू न देता कडेला निजवायचं. झाडं फळांनी लगडली होती. त्यांच्याकडं बघायची हलकुड्यांना शुद्ध नव्हती.

एकट्यानं होणारं काम नव्हतं ते. त्यांनी जिन्यात तोंड घालून हाक दिली.

“कुणी आहे का? माती उतरवायची आहे! स्लॅबला धोका आहे… माझ्या मातीमुळं!”

दारं उघडली. घमेली, बादल्या, धुण्याचे टब घेऊन माणसं धावली. वर येऊ लागली तसे हलकुडे किंचाळले, “गच्चीवर पाय ठेवू नका! तिथूनच घ्या!”

मग जिन्यातून खालपर्यंत माणसांची रांग लागली. सिद्धव्वाबाईही त्यात उभ्या राहिल्या. भरलेलं घमेलं हातोहात खाली जाई, रिकामं वर येई. गच्चीवर हलकुडे एकटे. ऊन डोक्यावर आलं होतं. फरशी तापून तळव्यांना फोड आले, पण पाय आपटेल म्हणून त्यांनी पाऊल झटकलंसुद्धा नाही. प्रत्येक घमेलं ते तान्ह्या मुलासारखं उचलत, पाऊल टेकवण्याआधी श्वास धरत, आणि टेकवल्यावर ऐकत.

काही नाही…

पुन्हा पाऊल. पुन्हा काही नाही…

वाफा तळाला लागला. हलकुड्यांनी प्लॅस्टिक धरून वर उचललं. ते ठिकठिकाणी फाटलं होतं. खाली पाणी साचलं होतं, आणि पाण्याखाली एक लांब भेग.

तेवढ्यात खालून आवाज आला. धप्प.

रांग जागच्या जागी थांबली. कुणाच्या तरी हातातलं घमेलं हातातच राहिलं.

हलकुडे कसे खाली आले, ते त्यांना कळलं नाही. दारातून पांढरी धूळ बाहेर येत होती. आतल्या खोलीत गिलाव्याचा मोठा पोपडा कोसळला होता. छतात गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. घोंगडीचा एक कोपरा तेवढा दिसत होता, बाकी सगळी ढिगाखाली.

“अप्पाजी…”

ते ढिगावर कोसळले. दोन्ही हातांनी तुकडे बाजूला फेकू लागले. नखं तुटली. घोंगडी मोकळी झाली. घोंगडी रिकामी होती.

पुढच्या खोलीतून खोकला ऐकू आला.

अप्पा मास्तरांच्या उशाशी बसले होते. अंगावर धूळ, हातात पाण्याचा चमचा. पाणी मास्तरांच्या हनुवटीवर सांडत होतं.

हलकुडे दारातच बसले. 

“तुम्ही… कधी उठलात?”

“मास्तरांनी हाक मारली. पाणी हवं होतं.”

“पण मास्तरांना तर बोलता येत नाही.”

“घशातून आवाज काढला. नुसता घोगरा. वहिनी तुझ्या रांगेत, मग मीच उठलो. इथं येऊन चमचा भरला न भरला…” अप्पांनी आतल्या खोलीकडं पाहिलं.

 जिन्यात माणसं कुजबुजत होती. कुणीतरी खालच्या मजल्यावरच्यांना बाहेर काढत होतं, कुणीतरी इंजिनिअरला फोन लावत होतं. मास्तरांनी हलकुड्यांकडं पाहिलं. हलकुड्यांनी आज नजर चुकवली नाही. रांगत पुढं गेले आणि मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग त्यांनी मान वर केली.

“अप्पाजी, गच्चीवर एकेक पाऊल टाकताना जीव मुठीत धरला होता. आता सगळं संपलं, तरी भीती जात नाही. अजून हात कापतायत.”

अप्पांनी मास्तरांची हनुवटी पुसली. चमचा भांड्यात ठेवला.

“वाफा रिकामा केलास?”

“केला.”

“सगळं उपटलंस?”

“सगळं, अप्पाजी. त्या वाफ्यात एक झाड ठेवलं नाही.”

अप्पांनी त्यांचा कापणारा हात आपल्या हातात घेतला. तोही कापत होता.

“ही भीती तेवढी उपटू नकोस.”