माळवदावरची माती

घरांवर पत्रे नव्हते आणि सिमेंटचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक शिंपी राहायचा. गावातली सगळी घरं माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती, असं सपाट छप्पर. पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरची माणसं टोपल्या भरून पांढरी माती वर न्यायची आणि धोपटून बसवायची. मग घर गळायचं नाही.

शिंप्याचं घर तर गावात नावाजलेलं. चाळीस वर्षांत माती टाकायचं त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. एका वर्षी अंगात सणसणून ताप होता, तरी हा शिडीवर! बायको खालून ओरडतेय, पण ऐकेल तर शपथ.

आता दोघं थकली होती. लेक नदीपलीकडच्या गावात दिलेली. तिच्या शेजारचं घर रिकामं होणार होतं, आणि त्याचा मालक पावसाळ्यापर्यंत थांबायला तयार होता. इथलं घर विकायचं, तिथलं घ्यायचं आणि नातवंडांत राहायचं, एवढीच दोघांची इच्छा.

घर बघायला पहिली आली एक कुंभारीण. शिंप्यानं तिला नक्षीचं दार दाखवलं, भिंतीतले कोनाडे दाखवले, गुळगुळीत सारवलेली जमीन दाखवली. तिनं सगळ्याला मान डोलावली आणि म्हणाली, “दादा, शिडी लावता का जरा?”

“शिडी? अहो बाई, घरात राहणार की छपरावर?”

“राहणार खालीच. म्हणून तर वर बघायचंय.”

वर गेल्यावर तिनं आधी कठडा बघितला. जेमतेम घोट्याइतका. “कठडा एवढाच बांधला होता?”

“छे छे! लहानपणी माझ्या छातीला लागायचा.”

कमरेचं खुरपं काढून कुंभारणीनं माती उकरायला घेतली. हात कोपरापर्यंत आत गेला, तरी फळी लागेना. मातीत एकावर एक थर दिसत होते, वर्षाला एक.

“दादा, दरवर्षी नवी माती टाकलीत. जुनी कधी काढलीत का?”

“काढायची कशाला? जितकी माती जास्त, तितकं घर पक्कं!”

“माती भिजली की किती जड होते, ते माझ्या हातांना विचारा. पाऊस लागून राहिला तर या तुळया मोडतील. मी हे घर घेत नाही दादा, पण तुम्ही माती उतरवा.”

शिंपी भडकला. “घ्यायचं नसेल तर तसं सांगा! नावं कशाला ठेवता? तापात चढलोय मी इथं, तापात!”

“माया केलीत हो,” ती म्हणाली, “पण सगळी घराच्या डोक्यावर नेऊन ठेवलीत.” आणि खाली उतरून गेली.

आता बघा, तिला काय पडलं होतं? घर नको, तर गुपचूप निघून जायचं. पण कच्चं मडकं पक्कं म्हणून तिनं जन्मात कुणाच्या हातात दिलं नव्हतं. तिला राहवेना. धन्य ती बाई!

शिंपी दिवसभर धुसफुसत होता. दुपारी आडवा झाला आणि नजर मधल्या खोलीच्या तुळईवर गेली. उठला, दोरा काढला आणि तुळईच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायला गेला. टोकं टेकेनात. तुळई मधोमध चार बोटं खाली आली होती. त्यानं बायकोला हाक मारून ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक गाडीवान आला. सोबत बायको, तिच्या कडेवर दोन महिन्यांचं बाळ. हातात नारळ आणि विसाराचे पैसे. वर चढून बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. “मातीचं छप्पर, त्यात काय बघायचं?” त्याची बायको मधल्या खोलीत उभी राहून म्हणाली, “अहो, पाळणा इथं टांगू या. या तुळईला.”

तोंड मिटून नारळ घेतला की लेकीचं गाव! शिंप्यानं बायकोकडे बघितलं. तिला कालचं सगळं ठाऊक होतं. तिनं डोळे पुसले आणि ‘सांगा’ म्हणून मान हलवली.

“ताई, तिथं पाळणा टांगू नका,” शिंपी म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं. दोरा ताणूनही दाखवला.

गाडीवान नारळ घेऊन तरातरा निघाला. “मग बोलावलंत कशाला? माझी खेप बुडाली!” बाळाची आई मात्र जाता जाता त्या तुळईकडे दोनदा वळून बघत होती.

शिंपी टोपली घेऊन वर चढला. गावाची नुसती करमणूक! सगळे माती वर नेतायत आणि हा खाली टाकतोय. “म्हातारा चळला,” म्हणून पोरंटोरं टाळ्या पिटत होती. तिसऱ्या दिवशी दारात गाढवं येऊन उभी राहिली. मागे कुंभारीण.

“ही माती माझ्या चाकाला चालत नाही,” ती म्हणाली, “पण गाढवं रिकामीच आहेत. नेऊन टाकू ओढ्याला.”

पंधरा दिवस दोघा म्हाताऱ्यांनी माती काढली आणि तिनं ती वाहिली. मधली तुळई चिरलेली निघाली. सुतारानं नवी घातली. मग वर मातीचा एकच थर दिला. तोवर पावसाळा आला. नदीपलीकडचं घर दुसऱ्यानं घेतलं. शिंप्याची बायको दोन दिवस नीट जेवली नाही.

श्रावणात झड लागली. सहा दिवस पाऊस थांबला नाही. सातव्या दिवशी भर दुपारी खालच्या आळीत धाडकन आवाज झाला.

थोड्याच वेळात गाडीवानाची बायको शिंप्याच्या दारात आली. चिखलानं माखलेली, छातीशी बाळ. शिंप्याकडून गेल्यावर त्यांनी खालच्या आळीत घर घेतलं होतं. तेही माळवदाचंच.

“मावशी, मधली खोली बसली हो सगळी!” तिनं बाळ शिंप्याच्या बायकोच्या मांडीवर ठेवलं. “हे रोज चिडायचे, म्हणायचे, ओसरीवर कशाला निजवतेस लेकराला? पण काकांनी तो दोरा दाखवल्यापासून मला त्या खोलीत नेववेना. आज ओसरीवर होतं म्हणून...”

गाडीवान मागे मान खाली घालून उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं शिंप्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

शिंप्याच्या बायकोनं बाळाला पदराखाली घेतलं. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “बरं केलंत हो सांगितलंत. लेकीकडचं घर जाऊ दे.”

आणि म्हातारी ओक्साबोक्शी रडली.

तात्पर्य एवढंच: घर घेताना दाराआधी छप्पर बघावं, आणि विकताना घराचं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगावं. आपण दार ओढून निघून जातो, पण त्या छपराखाली कुणाचं तरी लेकरू निजणार असतं.