दरडधराचं नाव

फार मागे, निळ्या डोंगरांच्या मुलखात, नव्या जीवाला पहिल्यांदा ज्या नावाने हाक मारावी तसाच त्याचा स्वभाव होई. म्हणून नाव ठेवण्याचं काम सुईणीकडे असे. तिथल्या एका गावात भिवरा नावाची सुईण होती.

एके सकाळी गावावरचा कडा फुटला आणि भेगेतून एक प्राणी जन्मला. हत्तीहून थोराड, पाठीवर खडकासारखे खवले. तो डरकाळी फोडी आणि दगडधोंडे घरांवर कोसळत.

पाटलांनी तिरंदाज उभे केले. "भिवराबाई, याला 'गावखाऊ' म्हणून हाक मारा. मग याला मारताना कुणाचा हात कचरणार नाही."

"लेकरू बघितल्याशिवाय मी नाव ठेवत नाही, पाटील."

"लेकरू? अहो, गाव गाडलं जाईल!"

भिवरा कडा चढू लागली. इतक्यात एका तिरंदाजाचा धीर सुटला. बाण प्राण्याच्या खांद्यात रुतला. त्याचा पाय घसरला, वरून दगडांचा लोंढा आला. भिवरा खडकाला घट्ट चिकटून राहिली आणि लोंढा थांबताच पुन्हा चढू लागली.

वर पोचताच तिला खरं काय ते दिसलं. प्राण्याच्या मागे देवळाएवढी दरड सुटली होती आणि तो पाठ लावून ती तोलून धरत होता. पाय लटपटत होते. त्या डरकाळ्या नव्हत्याच, वेदनेनं तो कण्हत होता.

खालून पाटील गरजले, "बाई, हाक मारता की मी मारू?"

गावखाऊ म्हटलं की तो दरड सोडणार! भिवरा बाणांच्या आड आली, त्याच्या कपाळावर हात ठेवून ओरडली, "दरडधर! बाळा, तू दरडधर!"

प्राण्याचे पाय रोवले गेले.

"गाव रिकामं करा! यानं दरड धरलीय!"

लोक मुलाबाळांसह, गुराढोरांसह ओढ्यापलीकडे धावले. शेवटची म्हातारी पार होताच भिवरा बाजूला सरली, दरडधरही सरला. अकरा घरं गाडली गेली. माणूस मात्र एकही दगावलं नाही.

पाटील स्वतः वर गेले. त्यांनी बाण उपसला. "दरडधरा, चुकलो रे."

दरडधराने त्यांच्या पायांशी डोकं टेकलं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा तो झोपी गेला.

तात्पर्य एवढंच: कुणाला नाव ठेवण्याआधी त्याच्या जवळ जावं आणि तो काय सोसतोय ते बघावं.