दुधीच्या राज्यातलं पहिलं 'नाही'

एकदा काय झालं, एक होता राजा. मोठा हट्टी. प्रजेनं काय खायचं तेसुद्धा तोच ठरवायचा. रोज सकाळी गोंदाजी दवंडीवाला डफ बडवत फिरायचा आणि ओरडायचा, "ऐका हो ऐका, आज भाजी दुधीची!" काल दुधी, आज दुधी, उद्याही दुधी. अशी वीस वर्षं गेली. राजा स्वतः मात्र बासुंदी-पुरी हाणायचा, बरं का! आणि कुणी नाक मुरडलं की त्याची रवानगी थेट तुरुंगात.

त्या राज्यात होती एक ठकूमाय. एके दिवशी तिनं चुलीत वांगं भाजलं. भरताचा वास गल्लीभर पसरला. मग काय, शिपाई आले आणि तिला धरून घेऊन गेले. सात वर्षं कोठडीत होती बिचारी. पण वासाला कोण कोंडणार? लोकांना तो आठवतच राहिला. मग एका सकाळी घराघरांतून वांगी भाजल्याचा धूर निघाला. शिपाई धावले, पण धरणार किती जणांना? त्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं. ते बसले चुलीपाशी जेवायला आणि राजा खेचरावर बसून मागच्या दारानं पळाला.

मग लोकांनी ठकूमायला सोडवलं आणि म्हणाले, आता कारभार तू बघ. ती म्हणाली, बघते, पण ठरवायचं सगळ्यांनी मिळून. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, चुली थंड आणि तिच्या दारात ही रांग! सगळे विचारत होते, आज भाजी कोणती? ठरवायची सवयच मोडली होती ना त्यांची.

मग तिनं सभा बोलावली. राजा पळाल्याच्या उत्सवाला जेवण काय करायचं, असं विचारलं. विचारता विचारता तिच्या तोंडून निघून गेलं, मला बाई कारलं आवडतं. झालं! सगळे हात कारल्यासाठी वर. मग बसले तोंड कडू करून खात, आणि वर वा वा म्हणत.

दुसऱ्या सभेत ती गमतीनं म्हणाली, नदीवरचा पूल पाडून टाकायचा का? सगळे हात वर! दोघे तर पहारी आणायलाही धावले. ठकूमायनं कशीबशी त्यांना थांबवलं. पण ती फार घाबरली हो. राजा गेला, पण यांची मान अजून वाकलेलीच. उद्या माझंच चुकलं तर मला अडवणार कोण?

आणि तिसऱ्या सभेत लोक राजाचा मुकुटच घेऊन आले. म्हणाले, जन्मभर तूच राज्य कर. खोटं कशाला सांगू, क्षणभर ठकूमायलाही गोड वाटलं. सात वर्षं कोठडीत काढली होती तिनं. पण मग तिला दुधी आठवला. तिनं एक घोंगडी टांगली आणि तिच्याआड दोन मडकी ठेवली, एक 'हो'चं, एक 'नाही'चं. एकेकानं आत जायचं, एक पावटा टाकायचा. कुणी बघणार नाही, कुणी विचारणार नाही.

कुणी जागचं हलेना. तेवढ्यात गोंदाजी पुढं आला. जन्मभर दुसऱ्याचंच बोलणं ओरडलेला माणूस तो.

"ठकूमाय, मी नाही म्हणणार," तो म्हणाला. "तू चांगली आहेस. पण आज तुला मुकुट दिला, तर उद्या तो कुणाच्या डोक्यावर जाईल, काय सांगावं?"

सगळ्यांनी ठकूमायकडे बघितलं. आता शिपाई येणार? पण ती नुसती हसली आणि तिनं त्याच्या हातावर पहिला पावटा ठेवला.

मग एकेक जण घोंगडीआड जाऊन आला. मडकी उपडी केली, मोजलं. सात पावट्यांनी 'नाही' जिंकलं! ठकूमाय हरली आणि आनंदानं ढसाढसा रडली. म्हणाली, आता मला भीती नाही.

मग तिनं लोकांनी नेमून दिलेली पाच वर्षं नेकीनं कारभार केला. नंतर दुसऱ्याच्या हाती तो सोपवून घरी आली आणि चुलीत वांगं भाजलं. गोंदाजी अजूनही सकाळी डफ वाजवतो, बरं का. पण आता तो विचारतो, "आज भाजी कोणती?" मग कुणी भेंडी म्हणतं, कुणी मेथी, कुणी गवार, आणि असा कल्ला होतो म्हणता! सगळे भांडतात, पोटभर जेवतात आणि सुखानं राहतात.

आणि आपली उद्याची भाजी? ती सकाळी तुम्हीच ठरवा, सगळ्यांनी मिळून. आता मात्र हूं की चूं नाही. मिटा बघू डोळे.