उसन्या सावलीची शाळा

फार मागे, जनावरं आपली पोरं एकाच शाळेत घालीत तेव्हाची ही गोष्ट. शाळा भरे एका उघड्या खडकावर. छपराच्या गवतासाठी राजाच्या कोठारातून मिळणारा वाटा दर वर्षी घटत गेला आणि शेवटी डोक्यावर नुसत्या काठ्या उरल्या. सशाचं पिल्लू उन्हाने भोवळ येऊन पडलं, तेव्हा साळुंकीबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर मला शाळा बंद करावी लागेल."

राजाचा कारभारी सांबर वर्षातून एकदा पाहणीला येई. मोठं गिऱ्हाईक येणार म्हटलं की आपण दुकान कसं सजवतो, तशीच पालकांची रीत होती. आपापल्या घरट्या-बिळांतलं गवत आणून ते छप्पर शाकारत आणि पाहुणा गेला की परत नेत. सांबर सावलीत बसे, खूश होई आणि वाटा आणखी कमी करी.

यंदा टिटवी म्हणाली, "कुणी काडीसुद्धा आणायची नाही."

"अहो टिटवीताई, साहेबांना उन्हात बसवणार? चारचौघांत शोभा होईल आपली," मुंगूस म्हणाला.

"होऊ द्या, भावजी. पोरं रोज भाजतात, त्याची शोभा कुणाला दिसत नाही."

सांबर भर दुपारी आला आणि खडकावर बसला. साळुंकीबाईंनी नेहमीचा पाठ सुरू केला. सांबर सारखी चुळबुळ करू लागला.

"पिल्लं रोज अशीच बसतात?" त्याने विचारलं.

"रोज," टिटवी म्हणाली. "तुम्ही येता तेवढी दुपार सोडून."

पाठ संपायची वाट न पाहता सांबर उठला आणि थेट कोठाराच्या वाटेला लागला.