तुरंगरावांना गाढवे मिळेनात

त्या राज्यात नगर टेकडीच्या माथ्यावर होते आणि पाणी टेकडीच्या पायथ्याशी. नगर वसवणाऱ्यांनी वर वारा चांगला लागतो एवढेच पाहिले होते. पाण्याचा विचार त्यांनी केला नाही, कारण गाढवे होती. नदीपासून माथ्यापर्यंत नऊ वळणांची एक वाट चढत गेली होती. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत गाढवे त्या वाटेने घागरी वाहत. माथ्यावरचे मोर, मेंढ्या, हरणे आणि ससे जागे होत तेव्हा रांजण भरलेले असत. भरलेले असणे हा रांजणाचाच गुण आहे, अशी तिथे पुष्कळांची समजूत होती.

पाण्याचा मक्ता तुरंगराव नावाच्या घोड्याकडे होता. घराणे जुने, आयाळ दाट, बोलणे मोजके. गाढवांशी असलेले लांबचे नाते ते नाकारत नसत. फक्त तो विषय काढत नसत. कामावर देखरेख खंडू मुकादमाची. खंडू खेचर होता. त्याची आई घोड्यांतली, वडील गाढवांतले. माथ्यावर असताना तो आईविषयी बोले आणि पायथ्याशी असताना वडिलांविषयी.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला खंडू सकाळीच वर आला आणि म्हणाला, "मालक, आज बारा कमी आहेत."

"आजारी असतील," तुरंगराव म्हणाले.

"बाराच्या बारा?"

"गाढवं आहेत ती, खंडू. एकानं केलं की सगळी करतात."

आठवड्याभरात आणखी वीस कमी झाली. रांजण गळ्यापर्यंत भरत ते आता कमरेपर्यंत भरू लागले. सशांच्या पिल्लांना दुपारचे पाणी मिळेना. नगरात पहिल्यांदाच "गाढवे कुठे आहेत?" हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारण्यासाठी पिंपळाखाली सभा भरली.

सभेत मोराने पिसारा सावरून सांगितले, की अलीकडे गाढवांना कामाचा अभिमानच उरलेला नाही. बोकडाच्या मते सारा दोष मागच्या वर्षीच्या पावसाचा होता. नदीकाठी फुकटचे गवत वाढले. पोट भरले की गाढव माजते. एका वयस्कर मेंढीने दबक्या आवाजात वेगळेच सांगितले. नदीपलीकडे म्हणे कुणीतरी गाढवांच्या पोरांना खिंकाळायला शिकवते. "एकदा खिंकाळता आलं," ती म्हणाली, "की मग घागर कोण उचलतंय?" हे सर्वांना पटले, कारण ते भीतिदायक होते. घुबड मात्र गप्प बसले होते, म्हणून त्याचे मत सर्वांत सखोल मानले गेले.

एखाद्या गाढवालाच विचारावे असे कुणाला सुचले नाही. सुचले असते तरी उपयोग नव्हता. उरलेली गाढवे त्या वेळी सभेसाठी पाणी आणत होती.

शेवटी पंचांनी तुरंगरावांना पंधरा दिवस दिले. तोवर रांजण पूर्वीसारखे भरले नाहीत, तर सारे नगर खाली नदीकाठी हलवायचे ठरले. मोराला हा बेत ऐकूनच घेरी आली. तुरंगरावही त्या रात्री नीट जेवले नाहीत. नगर खाली गेले, तर पाणी वर नेणाऱ्याची गरज कुणाला राहणार होती?

तुरंगरावांनी कंबर कसली. प्रथम त्यांनी फर्मान काढले, की यापुढे गाढवांना गाढव म्हणू नये, जलमित्र म्हणावे. गाढवांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि घागरी उचलल्या, कारण नाव हलके झाले तरी घागरी तेवढ्याच होत्या. मग दर आठवड्याला एका उत्तम जलमित्राच्या गळ्यात झेंडूची माळ घालायचे ठरले. पहिली माळ मिळाली त्या गाढवाने ती तिथल्या तिथे खाल्ली. ज्यांना मिळाली नाही त्यांतली तीन दुसऱ्या दिवशी आली नाहीत.

नंतर वाळवंटातून उंट आणले. उंट एका खेपेला चार घागरी नेत, आणि सर्वांच्या आशा पल्लवित झाल्या. पण सहाव्या वळणावर सावली होती. उंट तिथे थांबत, घागरीत तोंड घालत आणि पुढच्या दहा दिवसांची सोय करून घेत. त्यांना परत पाठवून शेळ्या लावल्या. शेळ्या वाट सोडून कड्यावरूनही सरसर चढत. फक्त वाटेतले प्रत्येक झुडूप चाखल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे. सकाळचे पाणी तिन्हीसांजेला पोचू लागले.

मग माकडांनी रहाट बसवून द्यायची तयारी दाखवली. तीन दिवस ठोकाठोक चालली. रहाट देखणा झाला. मोराने त्याला माळ घातली.

"आता हा फिरवायचा कुणी?" तुरंगरावांनी विचारले.

माकडांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतला म्होरक्या म्हणाला, "फार नाही लागणार, मालक. पाच-सहा गाढवं पुरे."

सर्वांत शेवटी बोकडाच्या सल्ल्यावरून गाढवांच्या वस्तीला काटेरी कुंपण घातले, म्हणजे आहेत ती तरी जाणार नाहीत. सकाळी कुंपणाच्या आत सात गाढवे सापडली. शेजारच्या माळावरून रोज कामाला येणारी नऊ कुंपण पाहून आल्या पावली माघारी गेली, ती गेलीच. एवढे दिवस गेलेल्यांच्या घागरी राहिलेल्यांच्या पाठीवर चढत होत्या. आता सात जणांवर साऱ्या नगराची तहान आली.

पंधरापैकी तीन दिवस उरले होते. तुरंगरावांनी आयाळ विंचरली, खंडूला बरोबर घेतले आणि ते गाढवे शोधायला निघाले. कितीतरी वर्षांत ते टेकडी उतरले नव्हते. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला एक सरळ, सोपी वाट होती. तिनेच ते उतरले.

नदीपलीकडे अर्ध्या दिवसाच्या चालीवर दुसरी एक टेकडी होती. तिथे तानूबाई नावाची म्हैस धान्याचे कोठार बांधत होती. लांबूनच तुरंगरावांना ओळखीचे कान दिसले. जवळ गेल्यावर ते थबकले. गाढवांच्या पाठीवर दगड होते.

"दगड!" ते खंडूला म्हणाले. "पाण्यापेक्षा जड! चारा तरी चांगला असणार."

त्यांनी गव्हाणीत तोंड घालून पाहिले. कडबा होता, आणि त्यांच्याकडल्यापेक्षा कोरडा होता. आता मात्र त्यांना काहीच उमजेना.

तेवढ्यात एक म्हातारी गाढवीण दगड उतरवून त्यांच्या समोरून गेली. तिने मान लववली. तुरंगरावांनी हळूच विचारले, "ही कोण रे?"

"झिपरी, मालक," खंडू पुटपुटला. "बारा वर्षं आपल्याकडे होती."

तुरंगराव पुढे झाले. "काय गं झिपरे, इथं जास्त काय मिळतं?"

"काही नाही, मालक. कडबा तसलाच. दगड तेवढे जड आहेत."

"मग आलात कशाला?"

झिपरीने विचारले, "मालक, आपल्या वाटेला पाचव्या वळणावर काय आहे, सांगता?"

तुरंगरावांनी आठवून पाहिले. त्यांना पाचवे वळण डोळ्यांसमोर येईना. पहिलेही येईना.

"तिथं शिळा आहे," झिपरी म्हणाली. "वरून झरा पाझरतो, तिच्यावर शेवाळ धरतं. भरल्या घागरी घेऊन पाय ठरत नाही. माझी लेक तिथं घसरली. तीन उन्हाळे आम्ही सांगत होतो. मुकादम म्हणायचे, वर कळवलंय."

तुरंगरावांनी खंडूकडे पाहिले.

"कळवलं होतं, मालक," खंडू खाली बघत म्हणाला. "आपण म्हणालात, 'पाहू.'"

"मग मी पाहिलं नाही?"

"नाही, मालक. ते बघायला चालत जावं लागतं."

झिपरीने हाक मारली, तशी तिची लेक रेवडी लंगडत आली. तिच्या पाठीवर ओझे नव्हते. गवंडीकाम करणाऱ्या डुकरांना कुठला दगड कुठे बसेल हे ती सांगत असे. पाय गेला म्हणजे डोके गेले असे नाही, असे तानूबाईने म्हटले होते आणि तिला हे काम दिले होते. रेवडीने पुढचा उजवा पाय उचलून दाखवला. तो घोट्यापाशी वाकडा जुळला होता. नीट दिसावे म्हणून तुरंगराव वाकले, आणखी वाकले, आणि त्यांची आयाळ धुळीला लागली. चढावर दगड वाहणारी सारी रांग उभी राहिली. घोड्याचे डोके गाढवाच्या पायाशी, असे त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिले नव्हते. तेव्हा कुणी हसले नाही. मागाहून मात्र पुष्कळ हसले.

"दुखतं का?" तुरंगरावांनी विचारले.

"पावसाळ्यात दुखतो," रेवडी म्हणाली.

तुरंगराव उभे राहिले. मग त्यांनी विचारले, "सगळी इथंच आहेत का?"

"कुठली, मालक?" झिपरी म्हणाली. "निम्मी असतील. काही डोंगरापलीकडे गेली, तिकडं चारा हिरवा आहे. दोघी घरी बसून शिंगरं वाढवतात. माझा भाचा खिंकाळायला शिकला. तो वरातीत नाचतो. बरा नाचतो."

"म्हणजे ते खरं होतं!"

"तो एकटाच शिकला, मालक. बाकीच्यांना घसा नाही."

एव्हाना तानूबाई रवंथ करत तिथे आली होती. तिच्याही पाठीवर दगड होता. तो उतरवून ती म्हणाली, "न्यायची असतील तर न्या, राव. येत असली तर माझी ना नाही. मी अडवत नाही म्हणून तर राहिलीत."

कुणीही आले नाही. तुरंगरावांनी आग्रह केला नाही. परतताना खंडू सोप्या वाटेकडे वळला, पण तुरंगराव म्हणाले, "इकडून नको." ते नऊ वळणांच्या वाटेने वर गेले. पाचव्या वळणावर मोकळ्या पाठीनेही ते दोनदा घसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण काढून टाकलेले होते आणि नदीवर तुरंगराव उभे होते. त्यांनी स्वतःच्या पाठीवर खोगीर बांधून घेतले होते आणि घागरी मागितल्या. सात गाढवांनी आधी एकमेकांकडे आणि मग आकाशाकडे पाहिले. पहिल्या खेपेला पाचव्या वळणावर तुरंगराव गुडघ्यांवर आपटले. एक घागर फुटली. दुसरी घेऊन ते माथ्यावर पोचले, तेव्हा मोर रांजणापाशी चोच वासून बसला होता.

"उशीर! आणि एवढंसंच पाणी!" मोर मान वर न करता म्हणाला. "आजकालच्या गाढवांना कशाची म्हणून चाड नाही."

"मी तुरंगराव आहे."

"हो का? बरं झालं. सांगा जरा त्यांना."

त्या दुपारी तुरंगरावांनी माकडांना बोलावले, आणि देखणा रहाट मोडून त्याची लाकडे पाचव्या वळणावर आणवली. झऱ्याला पाट काढून दिला. शिळेवर टाकीचे घाव घालून ती खरबरीत केली. कडेला लाकडाचा कठडा बांधला. काम चालू असताना तुरंगराव तिथून हलले नाहीत. पंचांनी दिलेली मुदत याच गडबडीत टळून गेली. नगर खाली हलवायचे, तर आधी सामान खाली न्यायला गाढवे हवीत, हे ऐनवेळी पंचांच्या लक्षात आले होते. त्यांनी मुदत वाढवली. तोवर हरणे आपापले पाणी आपण आणू लागली. मोरानेही एकदा एक लोटा आणला, आणि पुढे आठ दिवस तो त्याचेच वर्णन करत होता.

एके सकाळी झिपरी एकटीच आली. कुणाशी न बोलता ती पाचव्या वळणापर्यंत चढली. शिळेवर तिने एक खूर टेकवला, मग दुसरा, मग चारही पायांनी ती जरा नाचलीच. आणि आली तशी परत गेली. पुढच्या आठवड्यात ती अकरा जणांना घेऊन आली. रेवडीही आली, वाटेला आणखी कुठे काय बिघडले आहे हे सांगायचे काम तिने मागून घेतले, आणि ती सांगे ते त्याच दिवशी पाहिले जाई. बाकीची काही पावसाळ्यानंतर आली. काही आलीच नाहीत. हिरवा चारा हिरवाच असतो, आणि वरातीत नाचणारा भाचा तर आता फक्त घोडे शिकवणाऱ्या चाबूकस्वारांशी बोलत असे. रांजण गळ्यापर्यंत नाही, तरी खांद्यापर्यंत भरू लागले. तुरंगरावांनी रोजची पहिली खेप सोडली नाही.

या गोष्टी वाऱ्यावर पसरल्या. दूरच्या एका तळ्याकाठच्या नगरात एक बगळा होता. त्याच्याकडचे जाळी विणणारे आठपायी कोळी एकामागून एक काम सोडून चालले होते. गेलेली गाढवे परत आणणाऱ्या थोर मालकाला भेटावे आणि त्याचा उपाय विचारून घ्यावा, म्हणून तो तीन दिवस उडत आला. पोचला तेव्हा पहिली खेप चढत होती. बगळ्याने वाटेच्या कडेला उतरून पंख मिटले, घसा साफ केला आणि रांगेतला मालक शोधू लागला.

ओलेचिंब, धुळीने माखलेले, माना खाली घातलेले एकेक जण त्याच्या समोरून गेले. बगळ्याने प्रत्येकाची पाठ निरखली. प्रत्येक पाठीवर, खोगीर बसते तिथे, केस झिजून हाताएवढी चकती पडली होती. रांग संपली. तेव्हा त्याला सहाव्या वळणाच्या सावलीत उभा असलेला खंडू मुकादम दिसला. त्याची पाठ गुळगुळीत होती, तुकतुकीत होती, उन्हात चमकेल अशी होती.

बगळ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. तो लगबगीने पुढे गेला, खंडूसमोर लवून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार, मालक."