कोंडाईची खांड

वाकशेतच्या खाडीवर पूल नव्हता, बांध मातीचा होता आणि भरतीला गावाची भीती वाटत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा बांधाच्या टोकाला कोंडाई नावाची एक बाई राहायची. ज्या पोरांचे पाय उभे राहत नाहीत, ज्यांचे हात वळलेले, माना कललेल्या, अशी पोरं लोक तिच्याकडे आणायचे. पण आणायचे ते चोरून, गोधडीत गुंडाळून. कारण असं मूल म्हणजे देवाचा कोप, असंच लोक धरून चालत.

डोंगरापलीकडून येसू आली तीही अशीच. पाठीवर तिची लेक बायो. बायोचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. येसूनं बरोबर नारळ आणला होता, कोंबडं आणलं होतं. तिला वाटलं, आता अंगारा लावतील, उतारा टाकतील.

कोंडाईनं नारळाकडे बघितलंसुद्धा नाही. ती पोरीसमोर मांडी घालून बसली.

"नाव काय गो तुझं?"

"बायो," येसू म्हणाली.

"तुला नाय इचारलं."

मग कोंडाई पोरीच्या ओठांकडे बघत थांबली. बायोचा जबडा थरथरला, मान एकीकडे गेली, ओठ जुळेनात. बराच वेळ गेला. आणि पोर म्हणाली, "बा-यो." येसू चकित झाली. परक्या माणसासमोर आपली लेक बोलू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं.

येसू तिथंच राहिली. गावच्या शेतात राबायची आणि कोंडाईच्या पडवीत निजायची. कोंडाई रोज उंडीचं तेल कोमट करायची, बायोच्या मांड्या चोळायची, आखडलेले पाय धीरानं सोडवायची. पोर कळवळायची. कोंडाई थांबायची, तिच्याशी बोलायची, पुन्हा हात लावायची. तिच्या बोटांना हाडाच्या आतलं ऐकू यायचं, असं म्हणतात.

एके दिवशी तिनं बायोला बांधाच्या आतल्या तळीत नेलं. खाडीचं पाणी तिथं निवांत पसरलेलं असायचं. येसू काठावर उभी होती. छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर कोंडाईनं पोरीच्या बगलेतले हात काढून घेतले.

"मारलीस! माझी पोर मारलीस!" असं ओरडत येसू लुगड्यासकट पाण्यात घुसली.

"थांब! माझ्याकडं नको बघू, तिच्याकडं बघ."

बायो उभी होती. दोन्ही हात पाण्यावर पसरून, स्वतःच्या पायांवर, एकटी. पण कोंडाईनं तिला काठावर आणलं आणि पोर पुन्हा मातीत कोसळली. तेव्हा येसू रडायला लागली.

"पाण्यात उभी राहते, मग जमिनीवर का नाय?"

"पाणी अर्धं ओझं घेतं. जमीन घेत नाय," कोंडाई म्हणाली. "जमिनीवर माणसं लागतात."

"माझ्यासारखी चालेल का कधी?"

"तुझ्यासारखी नाय. बायोसारखी चालेल."

मग श्रावणातलं मोठं उधाण आलं. भर दुपारी, सगळं गाव शेतात असताना, बांधाला खांड पडली, माणूस मावेल एवढं भगदाड. असा आवाज झाला की बैलांनी दावी तोडली. पाणी आत घुसलं. माणसं टेकाडाकडे धावत सुटली, आणि येसूही धावली. तिच्या पायांनी तिला विचारलंच नाही. टेकाडावर पोचल्यावर तिला आठवलं, बायो तळीत आहे. कोंडाईकडं आणलेली सगळी पोरं या वेळी तळीतच असतात.

ती वळली आणि जागच्या जागी थिजली.

कोंडाई खांडीत उभी होती. दोन्ही बाजूंना हात लावून, पाठ समुद्राकडे करून. असं म्हणतात की भरती तिच्या कमरेशी आली आणि तिथंच थांबली. कुणी म्हणतं, पाणी तिच्यामागं भिंतीसारखं चढत गेलं, माडाएवढं झालं, पण पुढं सरकलं नाही. आणि शेतात भरलेल्या पाण्यातून पोरं येत होती. काथ्याचा एक दोर धरून, एकामागं एक. कुणी वाकडं, कुणी डुलत, कुणी टाचा उचलून. सगळ्यात पुढं बायो.

गाव पुतळ्यासारखं बघत राहिलं. ज्यांना त्यांनी कधी दारात बसलेलंही पाहिलं नव्हतं, ती पोरं पुरातून चालत येत होती.

टेकाडाच्या पायथ्याशी पाणी संपलं. तिथं बायो पडली. मागचं पोर तिच्यावर पडलं. दोर सुटला. तरी कुणी हलेना, सगळे इतके सुन्न झाले होते.

"अरे, बघता काय?" खांडीतून कोंडाईची आरोळी आली. "पाण्यानं त्याचं काम केलं! आता तुम्ही उतरा!"

पहिली येसू उतरली. तिच्यामागं सगळं गाव. माणसांनी पोरांच्या बगलेत खांदे दिले, आणि एकेक पोर टेकाडावर चढलं. शेवटचं पोर वर आलं, आणि पाणी कोसळलं.

कोंडाई सापडली नाही. ओहोटी लागल्यावर लोक बघायला गेले, तर खांड बुजलेली होती. चिखल आणि शिंपले घट्ट बसलेले, माणसाच्या हाताचा एक ठसा नाही. बांधाचा तो तुकडा त्यानंतर कधी फुटला नाही, असं म्हणतात.

बायो पुढं दोन काठ्यांवर, तिरकी तिरकी, म्हातारी होईपर्यंत चालली. येसू डोंगरापलीकडे परत गेलीच नाही. उंडीचं तेल तापवत ती बांधाच्या टोकाला राहिली.

अजूनही श्रावणातल्या उधाणाला वाकशेतचे लोक टेकाडाच्या पायथ्याशी दोन रांगा करतात. आजूबाजूच्या गावांतली पोरं आता उघड्यावर, नव्या कपड्यांत येतात. ती पाण्यातून चालत येतात, आणि पाणी संपतं तिथून वरपर्यंत खांद्यामागून खांदा मिळत जातो. तालुक्याच्या दवाखान्यात मुलांना व्यायाम देणाऱ्या एक बाई आहेत, त्याही रांगेत असतात. त्यांचं नाव वेगळं आहे, पण हे काम करणारं कुणीही आलं तरी गाव त्याला एकाच नावानं हाक मारतं. बाई नव्या होत्या तेव्हा एका आईनं मागून हाक दिली, "कोंडाई, माझ्या पोरीला बघा ना." बाई दचकल्या, आणि कुणाला बोलावतात म्हणून चहूकडे बघू लागल्या. मग मुलीनंच हात वर करून त्यांचा पदर धरला.