मिटलेल्या मुठी आणि गुणगुणणारा भोपळा

एका राज्यात, ऐन शरद ऋतूत, एकही लहान मूल टाळी वाजवत नव्हते. राजवाड्यापासून कुंभारवाड्यापर्यंत साऱ्या मुलांच्या मुठी मिटल्या होत्या आणि कोणत्याही उपायाने उघडत नव्हत्या.

त्याचे असे झाले. त्या राज्यात शरदातला पहिला भोपळा राजाने आपल्या हाताने चिरायचा रिवाज होता. राजाचा छेद झाला की मगच घरोघरी विळ्या चालत. त्या वर्षीच्या उत्सवात कर्कट नावाचा मांत्रिक आपल्या खजिन्यातला भोपळा घेऊन आला. भोपळा तांबूस, घागरीएवढा, आणि मधाच्या पोळ्यासारखा आतून गुणगुणणारा.

"डोळ्यांनी बघा. हात लावू नका," कर्कट म्हणाला.

मुलांनी तो चाचपला, थोपटला, एकाने तर चाटला.

कर्कटाने डोळे मिटून मंत्र म्हटला. मुलांचे सारे स्पर्श भोपळ्यात शिरले, बोटे मिटली, आणि मांत्रिक ढगावर बसून निघून गेला. जाताना भोपळ्याच्या देठावर एक तांबट पक्षी राखणीला बसवून गेला.

तांबट म्हणाला, "नियम ऐका. या भोपळ्याशेजारी आणखी दोन ठेवा. तिघांत जड कोणता, हे सांगायचे. पाण्यात टाकल्यावर हा काय करील, हे सांगायचे. आणि याच्या पोटात काय आहे, तेही सांगायचे. शरद पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत मुठी सुटल्या नाहीत, तर जन्मात सुटणार नाहीत."

भोपळा बालशाळेच्या अंगणात राहिला, आणि मुलांचा सगळा भार गुरुमाय शारंगावर आला. एकेकाला भरवायचे, एकेकाचे नाक पुसायचे, नाड्या सोडायच्या, नाड्या बांधायच्या. मुलांना नाकावरची माशीसुद्धा हाकलता येत नव्हती. शेवटच्या मुलाचे तोंड पुसून होई तोवर पहिल्याला पुन्हा भूक लागलेली असे. रात्री शारंगाला स्वप्नातही घासच दिसत.

आधी राजपंडित विश्वधर आले. त्यांनी तिन्ही भोपळे तराजूत घातले, ग्रंथ चाळले आणि तिन्ही उत्तरे खणखणीत आवाजात सांगितली.

"बरोबर," तांबट म्हणाला.

मुलांच्या मुठी आणखी आवळल्या. नखे तळव्यांत रुतली. बिजा नावाची कुंभाराची पोर रडू लागली.

"बरोबर आहे ना? मग हे काय?" पंडित ओरडले.

"उत्तर तुमचे. मुठी कुणाच्या?" तांबटाने मान वाकडी केली.

शारंगाला वाटले, उमगले आपल्याला. तिने तीच उत्तरे मुलांकडून घोकून घेतली. सकाळ-संध्याकाळ अंगण दणाणले, "तांबूस जड! तरंगतो! पोटात बिया!" मुठी पुन्हा आवळल्या. आता बोटांची टोके पांढरी पडू लागली.

"पोपट आणलेत होय?" तांबट म्हणाला. "तोही माझ्यासारखा पाखरूच."

पौर्णिमेची दुपार उतरू लागली. शारंगाने शेवटचा घास भरवला, भिंतीला टेकली आणि खाली बसली. उठावे असे तिने दोनदा ठरवले. अंग उठेना.

बिजा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "गुरुमाय, हा का गुणगुणतो?"

इतर वेळी शारंगाने काहीतरी सांगितले असते. आज तिच्यात तेवढाही जीव नव्हता.

"मला नाही ठाऊक, बाळ."

बिजा भोपळ्याशी गेली आणि तिने कान लावला. मागोमाग राजकन्या पोवळी गेली. तिने दोन्ही दंडांनी भोपळ्याला मिठी मारली आणि ती लालबुंद झाली.

"हलत नाही गं! तो दुसरा बघ."

"तो मोठाय, तो जडच असणार."

"मोठाय पण हलकाय! शप्पत! तू उचल."

अंगणभर मिठ्या सुरू झाल्या. कोणी पडले, कोणी भोपळ्यासकट पडले. "हाच! हाच जड!" आणि पोवळीचा एक अंगठा सुटला, मग एकेकाचा.

शारंगाने ते पाहिले. "शाब्बास, आता तळ्यावर न्या," असे शब्द तिच्या ओठांवर आले. तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

मुलांनी भोपळा मुठींनी, गुडघ्यांनी, डोक्यांनी ढकलला. तळे उताराला होते. भोपळा घरंगळत जाऊन पाण्यात पडला.

"बुडाला!"

"मेला बिचारा."

"आला वर! अरे, पोहतोय!"

काठावर एकच नाच झाला, आणि मुठींची आणखी दोन-दोन बोटे सैलावली.

मुलांनी भिजत-भिजत भोपळा काठावर आणला, इतक्यात राजा उदयभान आला. हातात रिवाजाची चांदीची सुरी. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

"बाजूला व्हा. पहिला छेद राजाचा."

शारंगा उठली. कशी उठली, तिला कळले नाही.

"महाराज, आपण चिरलात तर मुठी पुन्हा मिटतील."

"मग कोण चिरणार? या अर्धवट हातांनी?"

"होय."

"बोट कापले तर?"

"कापेल, महाराज."

पोवळीने हात पुढे केला. "बाबा, सुरी द्या ना."

राजाने सुरी दिली. पोवळीने ती मोकळ्या बोटांत कशीबशी धरली आणि टेकवली. साल टणक. सुरी घसरली, बोटाला लागली, रक्ताचा थेंब आला. राजाचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला. बिजाने सुरीवर वरून कोपर टेकवले. छेद गेला, वाकडातिकडा, पण आरपार.

आत बिया होत्या, चिकट तंतू होते, आणि मुलांचे स्पर्श होते. मांजराच्या पाठीचा, ओल्या मातीचा, आईच्या कानाच्या पाळीचा. ज्याचा त्याच्याकडे गेला. दोन जुळ्या भावांची अदलाबदल झाली, ती त्यांनी भांडून मिटवली. सगळ्या मुठी उघडल्या, आणि सगळे हात कोपरापर्यंत भोपळ्यात गेले.

"ई! शेंबडासारखं आहे!"

"माझ्यापेक्षा तुझ्या बिया जास्त!"

तांबट काठावरच्या फांदीवरून उडाला. जाता जाता म्हणाला, "कर्कटाला सांगतो, खजिना वाटला गेला." त्यानंतर तो मांत्रिक त्या राज्यात दिसला नाही.

राजाने पोवळीच्या बोटाला आपल्या शेल्याची चिंधी बांधली आणि आज्ञा दिली. शरदाचा पहिला छेद पुढे दर वर्षी मुलांच्या हातचा.

त्या संध्याकाळी शाळेच्या चुलीवर भोपळ्याचे घारगे झाले. थापले मुलांनीच, त्यामुळे एकही गोल नव्हता. शारंगाने कोणाला भरवले नाही, कोणाचे तोंड पुसले नाही. बिजाने एक गरम घारगा तिच्या हातावर आणून ठेवला. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटका, आणि त्यावर पाचही बोटांचे ठसे.

शारंगाने भिंतीला टेकून, सावकाश, तो सगळा खाल्ला.